हिंजवडीची हिंज, पांढरकवड्याची धूळ

घडीचा स्मार्टफोन घ्यावा की नाही? एसी ऑफिसात बसून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, बॉस. त्यासाठी कापसाच्या गावाला जावं लागतं!

तुमच्या ऑफिसात एव्हाना एकाने तरी घेतलाच असेल. मीटिंग सुरू होते, सगळे आपापले फोन टेबलावर उपडे ठेवतात आणि हा पठ्ठ्या खिशातून काढलेला फोन पुस्तकासारखा उघडतो. आतून चक्क आठ इंचांचा स्क्रीन! प्रेझेंटेशन राहतं बाजूला, सगळ्यांच्या नजरा तिकडे. मग लंच टाइमला ‘बघू रे जरा’ म्हणत तो फोन अख्ख्या टेबलावर फिरतो. हिंजवडीत सध्या हिंजची, म्हणजे आपल्या साध्या मराठीत बिजागरीची, जाम हवा आहे.

खरं तर घडीचा फोन आपल्याला नवा नाही. २००४ साली आलेला मोटोरोलाचा रेझर व्ही-थ्री आठवा. बोलणं संपलं की टप्पकन बंद! भांडण संपवायची त्याहून भारी स्टाइल अजून कुणाला सापडलेली नाही. पण तेव्हा घडी पडायची ती दोन भागांच्या मध्ये. स्क्रीन बिचारा एका बाजूला सुखात असायचा. आता घडी पडते ती थेट स्क्रीनवरच. सगळी गंमत इथे आहे आणि सगळी रिस्कसुद्धा.

२०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला गॅलक्सी फोल्ड परीक्षकांच्या हातात पडला आणि काही दिवसांतच त्यातल्या काहींचे स्क्रीन गेले. काहींनी वरची फिल्म साधा स्क्रीनगार्ड समजून सोलूनच काढली होती! कंपनीने लाँच पुढे ढकललं, सुधारणा केल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो भारतात आला. किंमत १,६४,९९९ रुपये. तेव्हापासून फोन खूप सुधारले, किंमत मात्र तिथेच घुटमळत राहिली. २०२५ च्या जुलैत आलेल्या फोल्ड सेव्हनची किंमत होती १,७४,९९९. चोवीस महिन्यांचा बिनव्याजी हप्ता काढला तरी महिन्याला ७,२९२ रुपये. माझ्यासारख्या फ्रीलान्सरचे चेक कधी येतात हे एक देवाला ठाऊक आणि दुसरं अकाउंट्सवाल्यांना. त्यामुळे मोह कितीही झाला तरी हा निर्णय शोरूमच्या झगमगाटात घ्यायचा नाही, हे पक्कं होतं.

मग एक योग जुळून आला. टिपेश्वर अभयारण्यावर लिहायचं म्हणून डिसेंबरात चार दिवस पांढरकवड्याला जायचं ठरलं. माझ्या मैत्रिणीकडे पुस्तकासारखा उघडणारा फोन आहे. ती म्हणाली, ‘चार दिवस वापर, मग ठरव. फक्त वाळूत नेऊ नकोस.’ कंपनीचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच.

नावात काय आहे?

नागपुरातून निघालात की बुटीबोरी, जाम, हिंगणघाट करत साधारण दीडशे किलोमीटरवर पांढरकवडा येतं. रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा, देशातला सगळ्यात लांब. जुनी माणसं अजून याला ‘सात नंबर’च म्हणतात. धाब्यावर पंजाबचा ट्रक आणि तामिळनाडूचा ट्रक शेजारी शेजारी उभे असतात. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात मराठीसोबत तेलुगू कानावर पडते, आणि आसपासच्या पाड्यांवरून आलेल्या मंडळींची गोंडी आणि कोलामीसुद्धा. यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याचं नाव केळापूर, पण तालुक्याचं ठिकाण पांढरकवडा. केळापूरला जगदंबेचं देऊळ आहे. सरकारी कागदावर केळापूर, लोकांच्या तोंडी पांढरकवडा!

शहरातल्या लोकांनी हे नाव ऐकलं ते बहुतेक अवनी वाघिणीमुळे. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला इथल्याच जंगलभागात गोळी घातली गेली आणि आठवडाभर टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. त्याआधी नाव यायचं ते शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत. दोन्ही वेळा कॅमेरे आले आणि गेले. गाव मात्र रोज सकाळी उठून कापूसच वेचतं.

हो, कापूस. डिसेंबरात इथे नजर टाकाल तिकडे पऱ्हाटी. फुटलेली बोंडं, डोक्याला रुमाल बांधून वेचणाऱ्या बाया आणि धुऱ्यावर भरून ठेवलेली गाठोडी. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली की मागे पांढरे पुंजके उडत राहतात. बाभळीच्या काट्यांना अडकतात, विजेच्या तारांना अडकतात, आणि तुमच्या खिशातही येऊन बसतात. तिथूनच आपली फोनची गोष्ट सुरू होते.

आयपी४८ चा फंडा

ओळखीने एका जिनिंगमध्ये गेले. आत कापसाचा डोंगर! जाडजूड पाइप तो कापूस ओढून घेतो, यंत्र रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे करतं, आणि शेवटी दाबून दाबून साधारण १७० किलोची गाठ बांधतात. शंभर किलो कापसातून रुई निघते जेमतेम ३४ ते ३५ किलो. बाकीची मुख्यतः सरकी. दहा मिनिटांत माझ्या भुवया पांढऱ्या. म्हातारपणी कशी दिसेन याचा फुकट ट्रेलर!

मी फोटो काढायला फोन उघडला आणि मला फिरवून दाखवणारे भाऊ ओरडलेच, ‘ताई, हे आत घुसते बरं! आमच्या घड्याळातही घुसते.’

भाऊंचं म्हणणं अगदी शास्त्रीय होतं. फोनच्या खोक्यावर आयपी४८ असं काहीतरी लिहिलेलं असतं ना? आपण त्यातलं शेवटचं ८ बघतो आणि खूश होतो, कारण ते पाण्याचं. फोन ठराविक खोलीपर्यंत, ठराविक वेळ पाण्यात पडला तरी चालतो. पहिला आकडा असतो धूळ आणि कणांचा. तिथे ४ याचा अर्थ एक मिलिमीटरहून मोठी वस्तू आत जाणार नाही, इतकंच. आणि कापसाचा तंतू? त्याची जाडी एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. काळ्या मातीची धूळ तर पिठासारखी. म्हणजे दाराला भक्कम आडणा घातलाय, पण फटीतून मुंग्यांची अख्खी वरात जाईल! नेहमीचे महागडे फोन आयपी६८ असतात. त्यातला ६ म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव.

का बरं असं? कारण साध्या फोनला हलणारा भाग जवळजवळ नसतोच, सगळं चिकटवून बंद करता येतं. बिजागरी मात्र हलायलाच हवी. जिथे हालचाल, तिथे फट. जिथे फट, तिथे धूळ. कंपन्यांनी २०२० पासून बिजागरीच्या आत बारीक ब्रशसारखे तंतू बसवले, येणारी धूळ झाडायला. २०२५ मध्ये गूगलचा पिक्सेल टेन प्रो फोल्ड आयपी६८ घेऊन आला, घडीच्या फोनमधला पहिला. म्हणजे हे जमू शकतं. पण किंमत १,७२,९९९ रुपये! आणि फोल्ड सेव्हन त्याच वर्षी आला तरी आयपी४८ वरच होता.

आता आतल्या स्क्रीनबद्दल. बऱ्याच फोल्डेबल फोनमध्ये वाकणारी काच असते ती केसापेक्षाही पातळ. तिच्यावर संरक्षणासाठी प्लास्टिकची फिल्म. म्हणजे तुमचं बोट फिरतं ते प्लास्टिकवर. नख जरा जोरात लागलं तरी खूण पडू शकते. बंद करताना मध्ये वाळूचा एक कण जरी राहिला, तर काय होईल ते सांगायला इंजिनीअर लागत नाही. मैत्रिणीची ‘वाळूत नेऊ नकोस’वाली अट आठवली. इथे वाळू नव्हती, पण काळी माती वाळूची सख्खी बहीणच!

पंचवीस अंशांचं जग

विक्रेते तुम्हाला घड्यांचा आकडा सांगतात. पूर्वी दोन लाख घड्या म्हणायचे, फोल्ड सेव्हनचा डिस्प्ले पाच लाख घड्यांच्या टेस्टमधून गेला. दिवसाला शंभर वेळा उघडझाप धरली तर दोन लाख म्हणजे साडेपाच वर्षं आणि पाच लाख म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. सॉलिड! पण ती टेस्ट झाली २५ अंश तापमानाला. २५ अंश म्हणजे तुमचं-आमचं ऑफिस. आपण स्वेटर घालून बसतो ना, तेच.

पांढरकवड्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. बहुतेक मोठ्या कंपन्या तर फोन शून्य ते पस्तीस अंशांत वापरा असंच सांगतात. साधे फोनही त्या उन्हात कुरकुरतात, हे मान्य. पण त्यांना रोज शंभर वेळा कंबर मोडायची नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपेश्वरला निघाले. सुन्ना गेटमधून जिप्सी आत शिरली आणि पहिल्याच वळणावर लाल-करड्या धुळीचा ढग अंगावर आला. पावणेदोन लाखांचा फोन कुठे होता? झिपलॉक पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, सॅक पायाशी. चितळ दिसले, नीलगाय दिसली, तळ्याकाठी मोर नाचून गेला. सगळं डोळ्यांनीच बघितलं. छान वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खिशातून बाहेर काढायची भीती वाटते त्या वस्तूला मोबाईल का म्हणायचं, असा प्रश्न पडला खरा.

वाघ काही दिसला नाही. त्याऐवजी एका वाघाची गोष्ट आठवली. याच जंगलातल्या एका तरुण वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटर फिरला. शेवटी रमला तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. जगाने त्याला ‘वॉकर’ हे नाव दिलं. ऊन, चिखल, धूळ, काटे, सगळ्यातून त्याच्या गळ्यातली कॉलर ठावठिकाणा कळवत राहिली. ना घडी, ना स्क्रीन, ना स्टाइल. काम मात्र चोख! गॅजेट कसं असावं, हे टिपेश्वरात असं कळतं.

टपरीवरचा सातबारा

आता म्हणाल, ही बाई घडीच्या फोनच्या विरोधातच बोलतेय. थांबा. या फोनची खरी कमाल मला दिसली तीही इथेच.

हायवेजवळच्या टपरीवर चहा आणि आलूबोंडा चालला होता. शेजारी एक काका बसले होते, साठीचे असतील. माझा फोन उघडताना बघून त्यांनी विचारलं, ‘हा मधातून मोडते का जी?’

‘मोडत नाही काका, घडी होते.’

‘घडी त कपड्याची होते. फोनाची कायले?’

या प्रश्नाला माझ्या मास कॉमच्या डिग्रीकडे उत्तर नव्हतं. पण काकांचं फोनशी नातं माझ्यापेक्षा जास्त सीरियस निघालं. आपण फोनवर रील्स बघतो. त्यांचा अख्खा हंगाम फोनवर चालतो. ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः वावरात जायचं, अॅपमध्ये पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक चढतं. आणि २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी करायची, स्लॉट घ्यायचा. ओटीपी आला नाही, फोटो धूसर आला, आधारवरचं नाव जुळलं नाही, की गाडी अडली. मग कमी भावात व्यापाऱ्याला द्या! तुमच्या-माझ्या फोनचं बिनसलं तर एक कॅब कॅन्सल होते. इथे क्विंटलमागे पैसे जातात.

काकांचा फोन साधाच, कोपऱ्यातून तडकलेला. त्यावर सातबाऱ्याची पीडीएफ आली होती. मोठं करून बघायचं, बोटाने सरकवायचं, पुन्हा मोठं करायचं... क्षेत्राचा रकाना काही सापडेना. मी म्हटलं, माझ्याकडे पाठवा. फोन उघडला, सातबारा आडवा पसरला. गट नंबर, क्षेत्र, पीक, सगळं एका नजरेत! काकांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

‘चष्मा घरी राह्यला होता, तरी वाचता आलं मले.’

घडीच्या फोनचं खरं काम हे, आणि ते एकाही जाहिरातीत दिसत नाही. जाहिरातीत कॅफे असतो, सेल्फी असतो, नाचणारी मुलं असतात. पण मोठा कागद खिशात मावणं ही खरी सोय. वकील, सीए, आर्किटेक्ट, दिवसभर एक्सेल शीट बघणारे, चाळिशीनंतर अक्षरं मोठी करून वाचणारे... यांच्यासाठी हा फोन नुसता शो नाही.

काकांनी फोन परत देताना किंमत विचारली. सांगितली. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, ‘इतक्यात त बैलजोडी येते. अन थे रोज कामाले जाते.’

मोडला तर?

गावातल्या मोबाईल दुकानात मुद्दाम गेले. काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा पोरगा, समोर स्क्रू ड्रायव्हर, हीट गन आणि उघडून ठेवलेले सात-आठ फोन. साधा स्क्रीन तो चहा संपेपर्यंत बदलून देतो. मैत्रिणीचा फोन त्याने अलगद हातात घेतला, दोनदा उघडून बंद केला, बिजागरीला कान लावला.

‘मस्त आहे ताई. पण याले मी हात नाई लावत. याले नागपूरले धाडाव लागते.’

घड्यांच्या लाख-लाखांच्या आकड्यापेक्षा मला हे वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. आतला स्क्रीन गेला तर कंपनीच्या सेंटरशिवाय इलाज नाही, आणि वॉरंटी नसेल तर बिल येतं ते एका चांगल्या नव्या फोनएवढं. म्हणजे या फोनची किंमत नुसती खोक्यावरची नाही. त्यात प्रोटेक्शन प्लॅन धरा, सेंटरचं अंतर धरा, आणि तो रिपेअरला गेल्यावर वापरायचा दुसरा फोनही धरा.

नोकियाचा ११०० आठवतोय का? २००३ साली आलेला. धूळ आत जाऊ नये म्हणून अख्खा कीपॅड एकाच रबरी तुकड्याचा, वर टॉर्च. जगभरात २५ कोटींहून जास्त खपला. तो बनवताना कुणीतरी आपल्यासारख्या देशातली धूळ आणि लोडशेडिंग डोळ्यांसमोर ठेवलं होतं. घडीचा फोन बनवताना डोळ्यांसमोर कोण होतं? २५ अंशांत बसलेला माणूस.

तर मग, घ्यायचा का?

आधी पांढरकवड्याचा हिशेब. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आहे क्विंटलला ८,११० रुपये. १,७४,९९९ भागिले ८,११० म्हणजे साडेएकवीस क्विंटल. कोरडवाहू वावरात एकरी चार-पाच क्विंटल धरा. म्हणजे जवळपास पाच एकरांचा हंगामभराचा कापूस, बियाणं-खत-फवारणी-वेचणी काहीही वजा न करता. हे तुम्हाला गिल्टी वाटावं म्हणून सांगत नाही. तुमचे पैसे तुमच्या कष्टाचे आहेत. पण १,७४,९९९ हा आकडा ईएमआयच्या तुकड्यांत बारीक दिसतो, आणि क्विंटलमध्ये मोजला की पुन्हा आपल्या खऱ्या साइजचा होतो!

आता तुमचा हिशेब. दिवसातले दोन-तीन तास तरी फोनवर डॉक्युमेंट्स वाचता, ऑफिस-कॅब-घर हीच तुमची दुनिया आहे, प्रोटेक्शन प्लॅन परवडतो, शहरात सेंटर आहे? मग पुस्तकछाप फोल्डेबल तुमच्यासाठी आहे. आयपीचा पहिला आकडा बघून घ्या, दुसरा नाही. नुसती स्टाइल हवी आहे? मग उभ्या घडीचा फ्लिप बघा. मोटोरोलाचा रेझर ६० तर २०२५ मध्ये ४९,९९९ ला आला होता. खिशात छोटा मावतो, टप्पकन बंदही होतो. बॉसचा फोन कट करायला तेवढं बास!

ट्रेकिंग, बाईक राइड्स, साइट व्हिजिट, फील्डवरचं काम, गावी शेती? सध्या थांबा. मोठा स्क्रीनच हवा असेल तर पंधरा हजारांच्या आत ठीकठाक टॅब्लेट मिळतो. शेजारी धुळीला न घाबरणारा साधा फोन ठेवा. दोन्ही मिळून खर्च निम्म्याहून कितीतरी कमी.

आणि मी? माझं अर्धं काम धुळीत चालतं आणि चेक लेट येतात. मी घेत नाहीये. धुळीला पूर्ण मज्जाव करणारा फोन लाखाच्या खाली येईल आणि पांढरकवड्यातला तो पोरगा ‘आणा, अर्ध्या तासात करून देतो’ म्हणेल, त्या दिवशी शोरूमच्या दारात मी पहिली असेन. तोपर्यंत माझ्या सॅकमध्ये एक जुना टॅब असेल. टिपेश्वरातून परतताना टपरीवर कुणाला सातबारा वाचायचा असेल, तर तेवढ्याने भागतं.

जायचंय?

नागपूरपर्यंत ट्रेन किंवा विमान, पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने एसटी किंवा कार, साधारण दीडशे किलोमीटर. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं, सफारी पावसाळ्यात बंद असते. कापूस बघायचा तर नोव्हेंबर ते जानेवारी. सोबत रुमाल, टोपी आणि झिपलॉक पिशवी मस्ट!